ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पीडीएफ रीडर कोणता टाकावा?

पेठकर: शिवाजीनगरला कर सल्लागाराचं ऑफिस आहे. १४ मशीन, विंडोज १० आणि ११, निम्म्यांत ४ जीबी रॅम. रोजचं काम म्हणजे फॉर्म १६, डिजिटल सहीचे सातबारे, बँक स्टेटमेंट. सध्या सगळं एज ब्राउझरमध्येच उघडतं. फुकटातलं, पण ऑफिसात वापरायला परवाना असलेलं काय टाकावं?

कळफलक: सगळीकडे एकच हवा हा हट्ट सोडा. नुसतं वाचायला सुमात्रा पीडीएफ. आकाराने लहान, जीपीएल या मुक्त परवान्याचा, त्यामुळे ऑफिसात बिनधास्त चालतो. फाइल उघडी असली तरी लॉक करत नाही, एक्सेलमधून त्याच नावाने पुन्हा सेव्ह करता येते. पण तो डिजिटल सही तपासत नाही आणि फॉर्मही भरता येत नाहीत. ज्या तीन-चार टेबलांवर सह्या तपासायच्या तिथे ॲक्रोबॅट रीडर टाका, तोही ऑफिससाठी मोफत आहे. डाउनलोड करताना सोबत येणाऱ्या जास्तीच्या सॉफ्टवेअरच्या टिका तेवढ्या काढा. उघडल्यावर नुसतं ‘प्लीज वेट’ दाखवणारे जुने सरकारी फॉर्मही तिथेच उघडा.

पेठकर: एका मशीनवर ॲक्रोबॅट टाकलं. सातबाऱ्यावर पिवळं प्रश्नचिन्ह, ‘व्हॅलिडिटी अननोन’. कागद खोटा समजायचा का?

रूटकी: नाही. सही करणाऱ्याच्या वरचं मूळ (रूट) प्रमाणपत्र ॲक्रोबॅटच्या विश्वासू यादीत नाही, बहुतेक वेळा एवढाच त्याचा अर्थ. सहीवर राइट क्लिक, ‘शो सिग्नेचर प्रॉपर्टीज’, मग ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. डावीकडच्या प्रमाणपत्रांच्या साखळीत सगळ्यात वरचं नाव निवडा, उदाहरणार्थ ‘सीसीए इंडिया २०२२’ (सीसीए म्हणजे सहीची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांवरचा सरकारी नियंत्रक). लोक इथे सही करणाऱ्याचंच नाव निवडतात, मग पुढच्या अधिकाऱ्याच्या सहीला परत प्रश्नचिन्ह. ‘ट्रस्ट’ टॅबमध्ये ‘ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’, ‘ट्रस्टेड रूट’वर टिक, ओके, शेवटी ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’.

‘ॲड’ करण्याआधी प्रमाणपत्राचा थंबप्रिंट (त्याची ओळख पटवणारा अंक-अक्षरांचा कोड) सीसीएच्या संकेतस्थळाशी ताडून पाहा. साखळीच्या टोकाला सीसीए नसेल तर हात लावू नका. प्रेफरन्सेसमध्ये विंडोजची सगळी रूट प्रमाणपत्रं एकदम मान्य करायची सोय आहे, झटपट होतं, पण मला ती फार सैल वाटते. आणि हे ‘ॲड’ करणं प्रत्येकाच्या विंडोज खात्यात वेगळं करावं लागतं. दुपारच्या पाळीतल्या माणसाला प्रश्नचिन्ह दिसलं तर दचकू नका.

कळफलक: अपडेटनंतर पीडीएफ पुन्हा एजमध्ये उघडायला लागल्या, तर सेटिंग्ज, ‘डिफॉल्ट ॲप्स’मध्ये डॉट पीडीएफ शोधून रीडर परत निवडा. एजमध्ये ‘ऑलवेज डाउनलोड पीडीएफ फाइल्स’ही चालू करा, म्हणजे पोर्टलवरची फाइल टॅबमध्ये उघडणार नाही. मराठी मजकूर कॉपी केल्यावर कचरा येत असेल तर त्यासाठी रीडर बदलून उपयोग नाही; फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बनलेली असते.