स्वस्तातली सजावट म्हणजे दरवर्षी नवी खरेदी नव्हे

रानजाई
काल इथे 'कमी खर्चात नाताळची सजावट' अशी एक पोस्ट आली. सल्ला असा: जुनं सगळं काढून टाका, दरवर्षी एक रंग ठरवा, त्या रंगाचे गोळे, रिबिनी आणि झिरमिळ्यांचा मिळेल तो स्वस्त संच घ्या, सण झाला की देऊन टाका. शेवटी वर हे वाक्य: 'घरी कापलेली कागदी सजावट शाळेच्या वर्गात शोभते, बैठकीच्या खोलीत नाही.' तिथे दोन ओळी लिहून माझं समाधान होईना, म्हणून वेगळा धागा.

दरवर्षी घ्यावी लागणारी वस्तू स्वस्त कशी काय? पाच वर्षांचे पाच संच मोजा की. आणि झाड भरलेलं दिसतं ते गोळ्यांच्या संख्येमुळे नाही. दिव्यांची माळ खोडाजवळून फांदीच्या टोकापर्यंत आणि परत आत अशी फिरवली की झाडाला खोली येते. मोठे गोळे आत, खोडालगत. नाजूक वस्तू टोकांना. आधी दिवे, मग माळा, सगळ्यात शेवटी टांगायच्या वस्तू. झाड कोपऱ्यात असेल तर मागची बाजू कोणी बघत नाही, तिथलं सामान पुढे आणा. झाडच नसेल तर एक वाळकी, छान फाटे फुटलेली फांदी कुंडीत रोवा. दिव्यांच्या जुन्या माळा आहेत त्याच वापरा. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी मळून चांदण्या कापा, दोऱ्यासाठी भोक आधीच पाडा आणि मंद आचेच्या ओव्हनमध्ये कडक होईपर्यंत वाळवा. ओल लागू दिली नाही तर वर्षानुवर्षं टिकतात.

आता कागदाबद्दल. सजवलेल्या झाडाचं जे अगदी जुनं वर्णन सापडतं, ते 1605 चं, आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबर्ग शहराचं. त्यात झाडावर रंगीत कागदाचे गुलाब आहेत आणि सफरचंदं आहेत. जर्मनीतल्या लाउशा गावचे काचेचे गोळे 19व्या शतकातले, म्हणजे कितीतरी नंतरचे. कागद ही गरिबीची खूण नाही, या सजावटीची सुरुवातच तिथून आहे.

तळटीप
ती पोस्ट माझी. नाव न घेता लिहिलंत तरी सगळ्यांना कळलंच, तेव्हा सरळ बोलू.

1605 साली काय टांगत होते याने आज माझ्या घरात काय फरक पडतो? मी भाड्याच्या घरात राहते. पोटमाळा नाही, पलंगाखाली आधीच बॅगा आहेत. गोळ्यांची खोकी वर्षभर कुठे ठेवू? आणि तुमच्या मिठाच्या चांदण्या: मळा, लाटा, कापा, दोन-तीन तास ओव्हन चालू ठेवा, रंगवा, दोरे ओवा. हे फुकट आहे असं कोण म्हणतं? ज्यांना वाटतं की घरातल्या बाईचा वेळ फुकट असतो, ते. माझ्या सासरी सगळं 'हाताने केलेलं' असायचं. हात माझे आणि माझ्या जावेचे. कौतुक सगळ्या घराचं. रात्री उशिरापर्यंत कागद कापताना मी ठरवलं होतं की स्वतःच्या घरात हे करणार नाही. तयार संच घेतला की पाऊण तासात झाड उभं राहतं आणि मी मुलांजवळ बसते. या स्वस्ताईचा हिशेब तुम्ही धरलेलाच नाही.

रानजाई
ताई, वेळेचा मुद्दा मी नाकारत नाही. पण तुमच्या सासरी कामाची वाटणी चुकली होती, त्यात कागदाचा काय दोष? कापायचं काम सगळ्यांनी बसून करायचं. आणि 'बैठकीच्या खोलीत शोभत नाही' हे वाक्य वेळेबद्दल नव्हतं. ते ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्या घराबद्दल होतं. मला लागलं ते तेच.

निरभ्र
तुम्ही दोघी चमकीबद्दल कशा बोलत नाही? स्वस्त संचातल्या निम्म्या वस्तूंवर ती थापलेली असते. ती गालिच्यात जाते, पोराच्या केसांत जाते, मांजर अंग चाटतं तेव्हा त्याच्या पोटात जाते. उन्हाळ्यात पंखा पुसला तरी निघतेच. हे सगळं बारीक प्लास्टिक आहे. युरोपीय संघाने सुटी प्लास्टिकची चमकी विकायला ऑक्टोबर 2023 पासून उगाच बंदी नाही घातली. घरी करणाऱ्यांनीही मिठाच्या चांदण्यांवर ती ओतू नये, एवढी कळकळीची विनंती. पांढऱ्या रंगाचा एक हात पुरतो.

प्लास्टिकच्या झाडाबद्दलही एक. कार्बन ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेच्या हिशेबाप्रमाणे दोन मीटरच्या कृत्रिम झाडामागे साधारण 40 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा भार असतो. खरं झाड सणानंतर कचऱ्याच्या डेपोत कुजलं तर 16 किलो, जाळलं तर त्याहून बरंच कमी. म्हणजे प्लास्टिकचं झाड दहाएक वर्षं वापरलं तरच परवडलं म्हणायचं. 'सण झाला की देऊन टाका' यात ते कुठे बसतं?

तळटीप
झाड मी दरवर्षी घेत नाही. कोणीतरी काढून टाकलेलं जुनंच आणलं आहे. पोस्ट नीट वाचा.

वायरमन
माझा आक्षेप धाग्यातल्या एकाच वाक्याला आहे, पण तो गंभीर आहे. 'दिव्यांच्या जुन्या माळा आहेत त्याच वापरा.' रानजाई, हे असं सरसकट लिहू नका. कागदाची साखळी जुनी असली तर फार तर फाटेल. दिव्यांची माळ जुनी असली तर वायरीवरचं प्लास्टिक कडक होऊन तडकलेलं असतं, आणि आपण ती गुंडाळतो कशाभोवती? सुकलेल्या सूचिपर्णाभोवती किंवा कागदाभोवती. माझं आयुष्य या कामात गेलं. एका घरी रात्री बोलावलं तेव्हा पडदा करपलेला होता, प्लग वितळून बोर्डाला चिकटला होता. माणसं जागी होती म्हणून निभावलं. ती माळसुद्धा 'चांगली चालतेय की' म्हणूनच ठेवलेली.

दवबिंदू
वायरमन साहेब, तुमचा अनुभव मान्य, पण जुनी माळ म्हणजे आग हे समीकरण मला पटत नाही. माझ्याकडे वडिलांची माळ आहे, तंतूच्या बारीक बल्बांची. दरवर्षी मी ती टेबलावर पसरतो, एकेक बल्ब तपासतो, गेलेला बदलतो. त्या उजेडाचा जो पिवळा ऊबदारपणा आहे तो तुमच्या एलईडीला नाही. एलईडीचं झाड दवाखान्याच्या पॅसेजसारखं दिसतं.

वायरमन
तपासता ते चांगलं करता. पण आत काय घडतं ते माहीत असू द्या. हे बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक एकाच तारेत जोडलेले असतात. एक तंतू तुटला की सगळी माळ विझायला हवी. तसं होऊ नये म्हणून बऱ्याच बल्बांत तंतूखाली एक बारीक तार गुंडाळलेली असते. तंतू तुटला की विजेचा सगळा दाब त्या तारेवर येतो, तिच्यावरचा लेप फुटतो आणि प्रवाह तिथून पुढे जातो. माळ चालू राहते. तुम्ही खूश. पण मेलेल्या बल्बाच्या वाट्याचे व्होल्ट आता बाकीच्यांत वाटले जातात. ते जास्त तापतात, लवकर जातात, आणि प्रत्येक गेलेला बल्ब उरलेल्यांवरचा ताण वाढवतो. म्हणून 'दोन-चार गेलेत, चालतंय' ही माळ सगळ्यात वाईट. शिवाय तशा 100 बल्बांना साधारण 40 वॅट लागतात, तेवढ्याच एलईडींना पाच-सहा. धागा कमी खर्चाचा आहे ना? मग हा खर्च नाही का?

आणि दवाखान्याबद्दल: खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा असतो, 2700 केल्विन लिहिलेलं घ्या, ते पिवळसर दिसतं. 6500 घेतलंत तर निळसर पांढरंच दिसणार. दोष एलईडीचा नाही, निवडीचा आहे.

दवबिंदू
ती तार मला ठाऊक आहे, म्हणूनच मी गेलेला बल्ब लगेच बदलतो. तुम्ही गृहीत धरून चाललात की समोरचा अडाणी आहे. आता माझा प्रश्न. आजच्या स्वस्त एलईडी माळेत दिवे सीलबंद असतात. एक भाग मेला की दुरुस्ती नाही, अख्खी माळ कचऱ्यात. माझ्या वडिलांनी घेतलेली माळ मी वापरतोय. तुमची एलईडी माझा मुलगा वापरेल?

वायरमन
त्या किमतीची? नाही वापरणार. एवढं मान्य करावं लागेल. बदलता येणारे दिवे असलेल्या एलईडी माळा असतात, पण महाग असतात. तरी तुमच्या माळेची वायर कितीही जपलीत तरी म्हातारी होणारच. यंदा ती अंधारात न बघता उजेडात बघा, होल्डरच्या मुळाशी वायर वाकवून बघा. तांबं दिसलं की वडिलांची आठवण भिंतीवर लावा, प्लगमध्ये नको.

दवबिंदू
हे शेवटचं वाक्य नको होतं.

वायरमन
करपलेला पडदा मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून तोंडून निघालं. वडिलांबद्दल वाईट बोलायचं नव्हतं. पण वायरीबद्दलचं मागे घेणार नाही.

गव्हाण
एवढी चर्चा झाली, येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्याचं कोणी नावही काढलं नाही. 1223 मध्ये संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली ती गवत, बैल आणि गाढव यांच्यासह, सोन्याचांदीविना. झाडाला विजेचे दिवे तर 1882 मध्ये न्यूयॉर्कला लागले. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी 80 लाल, पांढरे, निळे दिवे लावले, म्हणजे तो विजेच्या धंद्यातलाच माणूस. ज्याला खर्च झेपत नाही त्याने झाड सोडावं आणि गवत, पुठ्ठा, मातीची चित्रं यांत जीव ओतावा. दिवा एक पुरे.

निरभ्र
गवताजवळ तो एक दिवा मेणबत्तीचा नसावा, एवढंच.

रानजाई
वायरमन, तुमचं ऐकून धाग्यातलं वाक्य बदलते: 'जुन्या माळा तपासून, वायर धड असेल तरच.' पण वस्तू जपा हा माझा मुद्दा त्याने पडत नाही. मैद्याच्या चांदणीला शॉक लागत नाही.

तळटीप
पण माझा मुद्दा थोडा तरी सिद्ध झाला ना? जपलेली प्रत्येक गोष्ट चांगली नसते. कधीतरी टाकून नवीन घेणं हाच शहाणपणा असतो.

रानजाई
दिव्यांच्या बाबतीत, हो. गोळ्यांच्या बाबतीत नाही. शिशाच्या झिरमिळ्या घरात राहिल्या असतील तर त्याही टाका. अमेरिकेत त्या 1972 पासून बंद झाल्या त्या मुलांच्या जिवासाठी. पण धड असलेला लाल गोळा केवळ यंदाचा रंग निळा म्हणून टाकायचा, याला मी शहाणपण म्हणणार नाही.

तळटीप
बरं. 'बैठकीच्या खोलीत शोभत नाही' हे वाक्य मी पोस्टमधून काढलं आहे. ते कोणाच्या घराबद्दल नव्हतं, माझ्या जुन्या रागातून आलं होतं. पण कागद मी कापणार नाही, हे कायम. आणि जागेचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. सल्ला देणाऱ्या सगळ्यांच्या घरी पोटमाळे असतात.

रानजाई
माझ्याकडेही नाही. लहान गोळे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये बसतात, दोन ट्रे एकमेकांवर उलटे लावून दोरा बांधायचा. माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळायची, प्लग बाहेर ठेवून. सगळं एका बॅगेत जातं. तुमच्या पलंगाखाली बॅगा आहेतच, त्यातली एखादी रिकामी असेल.

तळटीप
एकही रिकामी नाही. पण दोन ट्रेपुरती जागा करीन. यंदाचे गोळे देऊन टाकत नाही, पुढच्या वर्षी बघू.

दवबिंदू
वायरमन, माळ उजेडात पाहिली. दोन होल्डरच्या मुळाशी बारीक चीर आहे, तांबं दिसत नाही. तेवढ्याला टेप चालेल का?

वायरमन
टेप नको. उष्णतेने तिचा गोंद सुटतो. ते दोन होल्डर बदलून नवे, त्याच व्होल्टचे घाला, तेही जमत असेल तरच. आणि तोपर्यंत प्लग लावू नका.