रुपयाचं नाणं बंद करा म्हणे! आधी गल्ला मोजा, मग बोला

मेनरोडचा गल्ला

काल नाशिककरांच्या ग्रुपवर एका विद्वानांची पोस्ट फिरत होती. थोडक्यात अशी: "अमेरिकेनं १२ नोव्हेंबर २०२५ ला चलनातला शेवटचा सेंट पाडला आणि विषय संपवला. आपलं रुपयाचं नाणं १ रुपया ११ पैशांना पडतं. सरकार हा तोटा का खातंय? रुपया बंद करा, सगळे भाव पाचच्या पटीत आणा." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. आकडा कुणी तपासला नाही, म्हणून हा चर्चेचा धागा (बोलणाऱ्याचं टोपणनाव प्रत्येक मजकुराच्या वर).

अमेरिकेचा सेंट पाडायला ३.६९ सेंट लागत होते, दर्शनी किमतीच्या साडेतीनपटीहून जास्त. आपला १.११ हा आकडा मुंबई टाकसाळीचा, २०१८ मध्ये माहिती अधिकारात बाहेर आलेला. तेव्हाचा रुपया २२ मिमीचा, ३.७९ ग्रॅमचा. २०१९ च्या मालिकेत तो २० मिमी आणि ३.०९ ग्रॅमवर आला. नाण्यामागे १८ टक्के स्टील कमी झालं आणि हे महाशय जुनाच आकडा नाचवतायत.

त्याच उत्तरात दहाच्या नाण्याचा खर्च ५.५४ होता, तो यांनी सोयीस्कर गाळला. दहाच्या एका नाण्यात ४.४६ सुटतात, त्यात रुपयाच्या चाळीस नाण्यांचा तोटा भरून निघतो. शिवाय ११ पैसे हा नाण्याच्या अख्ख्या आयुष्याचा तोटा आहे, एका व्यवहाराचा नाही. नव्वदच्या दशकातली स्टीलची नाणी आजही गल्ल्यात येतात.

आणि पाचच्या पटीचं म्हणाल तर कॅनडानं पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, मे २०१२ मध्ये पाडायची थांबवली, फेब्रुवारी २०१३ पासून वाटायची थांबवली. पण नियम स्पष्ट केला: फक्त रोखीत, फक्त कर धरून झालेल्या एकूण बिलावर, पाचच्या पटीवर उरलेले १-२ सेंट खाली आणि ३-४ वर. कार्डावर सेंटपर्यंत हिशोब तसाच. आपल्याकडे ४८ रुपये एमआरपी छापलेल्या एकट्या पुड्याचे ५० घेतले तर तो वैधमापनाचा (वजनमाप कायद्याचा) गुन्हा आहे. आधी तो नियम बदला, मग पटीच्या गप्पा मारा.

टाकसाळ

वजन १८ टक्के घटलं म्हणून खर्च १८ टक्के घटत नाही, दादा. पट्टीतून चकती कापणं, भट्टीत तापवून ती नरम करणं, कड उचलणं, धुऊन चकचकीत करणं, मग ठसा, मग तपासणी, मोजणी, पिशव्या, वॅगन. चकती बाहेरून तयार घेतली तरी पुढचं सगळं नगावर चालतं, ग्रॅमवर नाही. रुपयाचं नाणं आणि वीसचं नाणं, प्रेसला ठोका एकच. प्रेसचा तो ठोका रुपयावर का घालवायचा, एवढाच प्रश्न आहे.

पाचच्या पटीची भानगड मलाही नको. त्याची गरजच नाही. २ आणि ५ ही दोन नाणी असली की कुठलीही रक्कम जमते. एक रुपया द्यायचाय? पाच द्या, दोन-दोन परत घ्या. तीन द्यायचेत? पाच द्या, दोन परत घ्या. एमआरपी जागच्या जागी, कायद्यात बदल शून्य. आणि दोनचं नाणं त्याच २०१८ च्या उत्तरात १.२८ ला होतं, म्हणजे नगामागे ७२ पैसे सरकारला सुटतात.

इथे अमेरिकेची तुलना उलटी पडते. त्यांचा सेंटच्या वरचा निकेल, पाच सेंटचा, त्यालाच पावणेचौदा सेंट लागतात. सेंट बंद करून लोक निकेलकडे वळले तर तोटा वाढायची भीती त्यांना. आपल्याकडे वरचं नाणं नफ्यात आहे. बंद करायचं जास्त सबळ कारण आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही.

मेनरोडचा गल्ला

कागदावर छान! एका नाण्याच्या जागी तीन नाणी हात बदलणार. संध्याकाळी सातला काउंटरवर आठ माणसं उभी असताना "काका, पाच द्या, मी दोन-दोन देतो" हे प्रत्येकाला समजवायचं, आणि गल्ल्यात दोनची नाणी कायम दुप्पट ठेवायची. संपली की काय? चॉकलेट. आत्ताही तेच होतं, फक्त तेव्हा ते राजरोस होईल.

पंचवटीकर नियमवाला

दोघांचंही मुळात चुकतंय. देशातलं सर्वांत कमी किमतीचं चालू नाणं रुपया नाही, ५० पैसे आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली, आठ आणे बाद झालेले नाहीत. दहा रुपयांपर्यंतची रक्कम ५० पैशांच्या नाण्यांत कायद्यानं देता येते. धाग्याचं शीर्षक दुरुस्त करा.

टाकसाळ

नियमवाले काका, रविवार कारंजावर आठ आण्यात काय मिळतं ते सांगा, शीर्षक लगेच बदलायला लावतो. काड्यापेटीसुद्धा १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची झाली. रुपयात उरलंय काय? गोळी आणि शाम्पूची पुडी.

आहेर पाकीट

आणि लग्नाच्या पाकिटावरचा रुपया? पाकिटं बनवणारे कोरी नाणी शेकड्यानं घेतात, गोंदाच्या ठिपक्यानं किंवा प्लॅस्टिकच्या खळग्यात बसवतात. १०१, ५०१, ११०१ या सगळ्यांचा शेवटचा रुपया तिथे असतो. २० मिमीचं नाणं आल्यावर जुन्या २२ च्या खळग्यातून ते निसटायला लागलं, तेव्हा कित्येकांना साचे बदलावे लागले. बंद करा म्हणणाऱ्यांनी याचंही उत्तर द्यावं.

टाकसाळ

द्या की ५०२. वधू-वरांचं काही बिघडत नाही.

आहेर पाकीट

तुमच्या घरच्या कार्यात द्या आधी.

सिडकोचा रोखपाल

नाणं पाडायचं की नाही यावर भांडताय, पण पाडलेलं नाणं परत फिरतच नाही, त्याचं काय? तुटवडा आणि सुकाळ एकाच शहरात एकाच दिवशी असतो. देवस्थानाच्या दानपेट्या, चहाच्या टपऱ्या, किराणा, यांच्याकडे थैल्या पडून. सिटीलिंकच्या (शहर बसच्या) वाहकाकडे सुट्टे नाहीत. मधला दुवा म्हणजे बँक, आणि बँक चिल्लर पाहिली की तोंड फिरवते.

गंगापूर रोड

बँकेला हजाराच्या वर नाणी घ्यायची सक्ती नाही. नाणी कायदा २०११, कलम ६. वाचून या.

सिडकोचा रोखपाल

तुम्ही वाचून या! ते कलम देणं फेडण्याबद्दल आहे: रुपया आणि वरची नाणी हजार रुपयांपर्यंत वैध चलन, तेवढी समोरच्यानं नाकारायची नाहीत. स्वतःच्या खात्यात भरणा करायला रिझर्व्ह बँकेनं कुठलीही मर्यादा घातलेली नाही. उलट सूचना अशी आहे की रुपया-दोनची नाणी शक्यतो वजनावर घ्या, आणि शंभर-शंभरच्या प्लॅस्टिक पिशव्या असतील तर दोघांनाही सोयीचं. हजाराची ही थाप काउंटरवर मारली जाते आणि लोक थैली उचलून घरी जातात.

गंगापूर रोड

सूचना असेल, पण काउंटरवर एक माणूस आणि मागे चाळीस टोकन. त्यानं रुपये मोजत बसायचं का? बँकेला मोबदला काय, तर नाणी वाटायला थैलीमागे ६५ रुपये, तेही सप्टेंबर २०२१ पासून. आधी २५ होते. आणि तो वाटपाचा, परत घेण्याचा नाही.

सिडकोचा रोखपाल

म्हणूनच वजनावर घ्या म्हटलंय ना!

मेनरोडचा गल्ला

वजनावर घेऊन बघा एकदा. हे सूचना लिहिणाऱ्याला सुचलेलं नाही. आज चलनात रुपयाची किमान तीन वजनं आहेत: जुना २५ मिमीचा ४.८५ ग्रॅम, २०११ च्या मालिकेतला ३.७९, आणि आताचा ३.०९. एक किलोत जुनी नाणी २०६ बसतात, मधली २६३, नवी ३२३. मिसळीच्या थैलीत वजन काय सांगणार? त्याहून कहर म्हणजे २०११ चं दोनचं नाणंसुद्धा २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅमचंच. म्हणजे जुना रुपया आणि मधलं दोन, काट्यावर आणि चाळणीवर सारखेच. व्यासावर चालणारं मोजणी यंत्रही तिथे फसतं. चुंबकानं थोडं निवडता येतं, कारण फेरिटिक (चुंबकीय) स्टील चिकटतं. पण ते दोन्हीकडे असलं की तेही संपलं. शेवटी डोळ्यानंच बघायचं.

सिडकोचा रोखपाल

मग २०, २३, २५ मिमीच्या छिद्रांच्या तीन चाळण्या एकावर एक ठेवा. २० च्या चाळणीखाली पडलं तो नवा रुपया. तो आणि २०१९ नंतरचं २३ मिमीचं दोन वेगळे झाले की निम्मं काम संपलं. छिद्र नेमक्या मापाचं नको, अर्धा मिमी जास्त ठेवा, नाहीतर कड अडकते. वरती अडकलेलं जुनं, आणि दोनबरोबर अडकलेला २२ मिमीचा रुपया, तेवढं हातानं. शंभराची नव्या रुपयाची पिशवी ३०९ ग्रॅम भरली पाहिजे, पिशवीचं वजन वेगळं. तीनेक ग्रॅमचा फरक दिसला की समजायचं, एक नाणं कमी किंवा जास्त.

गंगापूर रोड

बरं, मान्य. म्हणजे दुकानदारानं चाळणी घ्यायची, पिशव्या भरायच्या, वजन करायचं, आणि बँकेनं आरामात सही करायची. वा! रुपयासाठी एवढा खटाटोप करावा लागतो, हेच नाणं बंद करायचं सर्वांत मोठं कारण तुम्ही स्वतःच दिलंत.

टाकसाळ

ऐका, ऐका.

निमाणी स्टॉप

ऐकतोय कधीचा. तुम्ही सगळे दुकान आणि बँक धरून बसलात. एसटीचं काय? मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. पूर्ण भाडं पाचच्या पटीत आणलं तरी निम्मं येत नाही: ३५ चं साडेसतरा, ४५ चं साडेबावीस. निम्मं पाचात बसवायचं तर पूर्ण भाडं दहाच्या पटीत हवं. म्हणजे २१ चं तिकीट एकतर २० करा आणि महामंडळानं सोसा, नाहीतर ३० करा आणि प्रवाशानं. एका नाण्यापायी अख्खा भाडेतक्ता बदलायचा.

टाकसाळ

पुन्हा पाच! मी २ आणि ५ म्हणालो होतो. साडेसतराचे अठरा करा, दोनच्या नऊ नाण्यांत बसतात.

निमाणी स्टॉप

वाहकाच्या झोळीत दोनची नाणी तुम्ही भरणार का? निमाणीहून सुटणाऱ्या पहिल्या गाडीत सगळे पन्नास-शंभरच्या नोटा काढतात.

पंचवटीकर नियमवाला

यूपीआय.

निमाणी स्टॉप

घाटात रेंज नसते, काका.

मेनरोडचा गल्ला

टाकसाळराव, तुमचं २-५ चं गणित बरोबर आहे, नाइलाजानं मान्य करतो. पण ते तेव्हाच चालेल जेव्हा दोनची नाणी मुबलक असतील. म्हणून क्रम उलटा करा. आधी दोनचं उत्पादन वाढवा, बँकांना नाणी परत घेण्याचा मोबदला द्या, ४.८५ ग्रॅमची जुनी नाणी हळूहळू गोळा करून घ्या म्हणजे वजनाचा घोळ मिटेल. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर किती चिल्लर पाण्यात जाईल आणि घाटावरची पोरं दोरीला चुंबक बांधून त्यातली किती वर काढतील, ते आणखी वेगळं. तोवर रुपया पाडत राहा.

टाकसाळ

म्हणजे बंद करायचंच, फक्त तुमच्या मुहूर्तावर. चालेल. जुनी नाणी गोळा करायच्या मुद्द्यावर माझी सही. पण ती गोळा करणार कोण? तीच बँक ना, जिच्या काउंटरवर थैली दिसली की "उद्या या"?

सिडकोचा रोखपाल

तेच तर दुपारपासून सांगतोय.