लाचेची क्लिप हाती आली: आधी बातमी की आधी एसीबी (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग)?

प्रश्न
तालुक्याच्या केबल वाहिनीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर ४ मिनिटांची क्लिप आली आहे. जमिनीच्या फेरफाराच्या (नाव बदलाच्या) नोंदीसाठी तलाठी अर्जदाराकडे पैसे मागताना दिसतो. पैसे अजून दिलेले नाहीत. आजच्या बातम्यांत घ्यावी का? कोर्टात टिकण्यासाठी काय जपायचं?

उत्तर १
आज नकोच. पैसे दिलेले नाहीत, म्हणजे लाच घेताना रंगेहाथ पकडायचा सापळा अजून लावता येतो. क्लिप झळकली की समोरचा सावध झालाच म्हणून समजा. तक्रार अर्जदारानेच करायची, वाहिनीने नव्हे. एसीबीचा टोल फ्री क्रमांक १०६४. आधी पडताळणी होते, म्हणजे पंचासमक्ष लाचेची मागणी रेकॉर्ड करतात. पावडर लावलेल्या नोटा त्यानंतर. नुसत्या नोटा सापडून भागत नाही, मागणी सिद्ध व्हावीच लागते. तक्रारदार फितूर झाला तरी इतर पुराव्यांवरून ती सिद्ध करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये सांगितलंय. तुमची क्लिप तिथे कामाला येईल.

उत्तर २
पण व्हॉट्सअ‍ॅपवरची नव्हे! तिथे व्हिडिओ दाबून लहान होतो, मूळ फाइलची माहिती गळते आणि हॅश (फाइलची ओळख पटवणारा आकडी-अक्षरी ठसा) बदलतो. ज्या फोनवर चित्रीकरण झालं तो फोन आणि त्यातली न कापलेली फाइल, हाच खरा ऐवज. फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. केबलने कॉपी घ्या, एसएचए-२५६ हॅश काढून तारीख-वेळेसह लिहून ठेवा. संपादन फक्त कॉपीवर.

कोर्टात कॉपी द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं: भाग ‘अ’ फाइल देणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होतं. जालन्याच्या निवडणूक वादात (खोतकर विरुद्ध गोरंट्याल, २०२०) सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक ठरवलं. मूळ उपकरणच हजर केलं तर मात्र लागत नाही.

प्रश्नकर्ता
आणि अर्जदाराने घाबरून पैसे देऊन टाकले तर?

उत्तर १
भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत कळवायचं, तरच सुटका.

उत्तर ३
सापळ्याची बातमी सगळेच करतात, पुढचं कोणी विचारत नाही. ‘ऑपरेशन दुर्योधन’ (संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणाऱ्या खासदारांचं छुपं चित्रीकरण) १२ डिसेंबर २००५ ला टीव्हीवर आलं, २३ तारखेला ११ खासदार बडतर्फ. फौजदारी खटल्यात दोषारोपांचा आदेश निघायला मात्र २०१७ उजाडलं. तुमच्या प्रकरणात त्याच कायद्याच्या कलम १९ च्या अभियोग मंजुरीचा (खटला चालवायच्या परवानगीचा) निर्णय ३ महिन्यांत, फार तर ४ महिन्यांत द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रस्ताव कधी गेला ती तारीख मिळवा आणि पाचव्या महिन्यात कॅमेरा ही मंजुरी देणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याच्या दारात न्या.