अनुभव धागा: पिशवीत मावणारा सीडी प्लेअर

मंडळी, दिवाळीआधी माळा आवरताना बाबांच्या सीडींचं खोकं सापडलं. नव्वदएक असतील. बहुतेक ख्याल, थोडं नाट्यसंगीत, काही प्रवचनं. आणि घरात सीडी घालायला आता जागाच नाही! जुना लॅपटॉप भंगारात गेला, नव्याला ती सोय नाही. आई ७८ वर्षांची आहे. तिला त्या ऐकायच्यात, त्याही घरात नाही, संध्याकाळी कमला नेहरू पार्कात बाकावर बसून. "अगं, फोनवर सगळं मिळतं," हे सांगून झालं. "मला सगळं नकोय, हेच हवंय," असं उत्तर आलं.

तर जुना घ्यावा की नवा, आणि काय बघून घ्यावा? ज्यांनी बसमध्ये, रेल्वेत, टेकडीवर कुठेही वापरलाय त्यांनी लिहा. विषयांतर चालेल. नाही म्हटलं तरी होणारच.

कोथरूड, निवृत्त, बँकेत होतो

ताई, मी दहा वर्षं डेक्कन क्वीनचा पासधारक. १९९८ मध्ये भाच्यानं सिंगापूरहून डिस्कमन आणला. (आमच्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी डिस्कमनच म्हणायचे, नाहीतर सीडी वॉकमन.) रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाच्या वेळी स्टॉलवरून आणि एरवी कर्वे रस्त्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून सीडी घ्यायचो. कॅसेटचं दुखणं तुम्हाला माहीत असेल: विलंबित रंगात आलं की खट्, उलटा बाजू. सीडीवर ७४ मिनिटं सलग, म्हणजे मैफलच.

पण ख्यालाच्या सीडीत ५०-५५ मिनिटांचा एकच ट्रॅक असतो. तिकीट तपासनीस आला, बंद केलं. परत लावलं की पहिल्या 'सा'पासून सुरू. बोटानं दाबून पुढे पळवत न्यायचं तर तोवर कुणीतरी चहा पुढे करतो, पुन्हा बंद. तीन महिने मी नुसतं विलंबित ऐकलं, द्रुतपर्यंत एकदाही पोचलो नाही. मग एकदा सेल बदलताना पाठीमागे नखाएवढं बटण दिसलं: 'रिझ्यूम'. ते सरकवलं की जिथे थांबवलं तिथूनच पुढे वाजतं! माहितीपुस्तिका होती, पण ती वाचतो कोण.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. चित्रपटगीतं ऐकणाऱ्यानं काहीही घ्यावं, ख्याल ऐकणाऱ्यानं आधी रिझ्यूम आहे का ते विचारावं. खोक्यावर 'अँटीशॉक' मोठ्या अक्षरात छापतात, हे छापत नाहीत. शिवाय झाकण उघडलं की बऱ्याच प्लेअरना जागेचा विसर पडतो, तेव्हा मातोश्रींना सांगा, ऐकून संपेपर्यंत सीडी आतच राहू दे. 'होल्ड'चं बटणही हवं. नाहीतर पिशवीत चष्म्याचं घर दाबलं जातं आणि प्लेअर आपोआप सुरू होऊन सेल संपवतो.

हडपसर

काकांचा रिझ्यूमचा मुद्दा पटला, पण बसनं जाणाऱ्याला अँटीशॉकशिवाय गत्यंतर नव्हतं. मी २००३ मध्ये इंजिनीअरिंगला. स्वारगेट ते हडपसर, पीएमटी, बहुतेक वेळा उभ्यानं, दप्तर पोटाशी. अँटीशॉक म्हणजे गादीबिदी नाही हो. प्लेअर सीडी जरा जास्त वेगानं वाचतो आणि पुढचं गाणं मेमरीत भरून ठेवतो. धक्का बसला की लेन्सची जागा चुकते, ती सापडेपर्यंत आपण मेमरीतलं ऐकत असतो. फातिमानगरचा एक खड्डा पचायचा. लागोपाठ चार आले की साठा संपायचा आणि गायक उचकी लागल्यासारखा गायचा.

खोक्यावरच्या '४५ सेकंदां'ची गंमत नंतर कळली. साध्या ऑडिओ सीडीला सेकंदाला सुमारे १७६ किलोबाइट लागतात, म्हणजे २ मेगाबाइट मेमरीत जेमतेम १२ सेकंद मावतात. मग ४५ कुठून येतात? आवाज आवळून साठवतात. शांत खोलीत चांगल्या हेडफोनवर फरक कळतो. बसमध्ये कंडक्टरची घंटा आणि इंजिन यांत कुणाला कळणार? वर त्या काळच्या बऱ्याच प्लेअरमध्ये अँटीशॉक लावला की सेल लवकर उतरायचे. दोन पेन्सिल सेल आणि महिन्याचा ठरलेला पॉकेटमनी, हिशेब कडक होता.

पुढे एमपीथ्री वाजवणारा घेतला आणि सुटलो. १२८ केबीपीएसच्या फाइलला सेकंदाला फक्त १६ किलोबाइट लागतात, तेवढ्याच मेमरीत दोन मिनिटांहून जास्त मावतं. खड्डे संपले! एका ७०० मेगाबाइटच्या सीडीवर बारा तासांची गाणी. हॉस्टेलवर एकाकडे सीडी रायटर होता, बाकी सगळे त्याचे जावई. एकच खटकायचं: सलग रेकॉर्डिंगचे तुकडे केलेले असले की दोन ट्रॅकच्या मध्ये एमपीथ्री क्षणभर गप्प होतं. आलाप संपून बंदिश उचलताना ते दातात खडा आल्यासारखं लागतं. ऑडिओ सीडीत तसं होत नाही.

सदाशिव पेठ

डिस्कमन घेऊन लक्ष्मी रस्त्यानं चालत गेलो. एकदाच. मागून रिक्षा आलेली कळली नाही. आता घरी ऐकतो. बाकी चालू द्या.

औंध

आमच्याकडे मारुती ८०० होती, तिच्यात फक्त कॅसेट वाजायची. त्यासाठी कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळायचा, त्याची वायर सीडी प्लेअरला. मुंबईला जाताना प्लेअर कुठे ठेवायचा यावर भांडण. डॅशबोर्डवर ठेवला की अडकायचा, सीटवर ठेवला की घसरायचा. शेवटी घडी घातलेला पंचा आईच्या मांडीवर आणि त्यावर प्लेअर. खंडाळ्याच्या वळणांवरही एकदा अडखळला नाही. आईला मात्र घाट उतरेपर्यंत हलायची परवानगी नव्हती.

तो प्लेअर कसा गेला तेही सांगते. नंतर तो आत्येभावाकडे गेला आणि त्याच्या अमेरिकेहून आणलेल्या विजेच्या अडॅप्टरवर त्यानं तो आपल्या भिंतीत लावला. अडॅप्टर ११० व्होल्टचा, आपली वीज २३०. एक बारीकसा वास आला, बस. जुना घेत असाल तर अडॅप्टरवरचे आकडे वाचा. व्होल्टही आणि पिनचा अधिक-उणेही.

बुधवार पेठ, दुरुस्तीचं काम करतो

पासोड्या विठोबाच्या आसपास बरीच वर्षं हेच केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जुना घ्यायला जुन्या बाजारात जाणार असाल तर रविवारी सकाळी जा आणि आपली सीडी, आपले दोन नवे सेल बरोबर न्या. विकणाऱ्याच्या सीडीवर सगळेच वाजतात. आधी सेलचं झाकण उघडा. स्प्रिंगवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला असेल तर सेल आत फुटलेला होता, तो पाझर सर्किटपर्यंत गेलाय का ते बाहेरून दिसत नाही. मग पहिला ट्रॅक लावा आणि लगेच शेवटचा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. पहिला वाजून शेवटचा अडकत असेल तर लेन्स सरकवणारा भाग झिजलाय किंवा घाणीनं आखडलाय. वाजत असतानाच उभा धरा, उलटा करा. तरी वाजला पाहिजे. काही जण लेझरजवळचा बारीक स्क्रू पिळून जास्त करंट देतात, म्हणजे मरायला टेकलेला लेझर आठवडाभर तरुण होतो. तेवढ्यात विक्री होऊन जाते.

पावसाळ्यात आपल्याकडे लेन्सवर दमट थर बसतो. आधी ब्लोअरनं हवा मारा, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब. दाबायचं नाही, लेन्स केसाएवढ्या तारांवर टांगलेली असते. फुंकर मारू नका, थुंकी जाते.

सीडी पुसताना गोल गोल फिरवू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. आडवा ओरखडा प्लेअर भरून काढतो, ट्रॅकच्या दिशेनं गेलेला लांब ओरखडा काढत नाही. आणि लोक चकचकीत बाजू जपतात, पण माहितीचा थर असतो छापील बाजूखाली, लाखेच्या पातळ पापुद्र्याआड. चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटर जाड प्लॅस्टिक तरी आहे. छापील बाजूवर बॉलपेननं लिहिलंत तर सीडी मेली समजा.

कर्वेनगर, वय २१

मी नवाच घेतला, ऑनलाइन. चार्जिंगचा, ब्लूटूथवाला. हो, मला माहितीये हे विचित्र आहे. :) गाणं पुढे ढकलायचा कंटाळा येतो म्हणून आख्खा अल्बम ऐकला जातो, एवढंच कारण. तक्रार: वायरचे हेडफोन लावले की शांत जागी बारीक सुंऽऽ ऐकू येतो. रिझ्यूम आहे, काका. आत्ताच तपासलं. होल्ड नाहीये.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ब्लूटूथवाला आईनं दुकानातच नाकारला, "याला झाकण कुठंय?" म्हणून. (होतं, तिला आवडलं नाही.) शेवटी ओळखीतून जुना मिळाला, पेन्सिल सेलवरचा. शेवटचा ट्रॅक वाजवून, उलटा करून, सेलच्या स्प्रिंगा बघून घेतला. विकणारे गृहस्थ माझ्याकडे जरा संशयानं बघत होते. रिझ्यूमचं बटण पाठीमागेच निघालं, मी त्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

बुधवार पेठेच्या दादांना एक विचारायचंय. बाबांनी प्रत्येक सीडीवर बॉलपेननं, चांगलं दाबून, राग आणि घेतल्याची तारीख लिहिली आहे. बहुतेक वाजतात. मारव्याची एक मात्र बाविसाव्या मिनिटाला अडकते, उजेडासमोर धरली की 'र'च्या जागी टाचणीएवढं भोक दिसतं. त्याचं काही होणार नसेल तर राहू दे. आईला आता ती जागा पाठ झालीय, जवळ आली की स्वतःच पुढचं बटण दाबते.