हार्मोन पेशीत शिरतच नाही तर आत काम कोण करतं?

बारावीवाला_सोलापूर
कंट्रोल अँड कोऑर्डिनेशनचा धडा चालूय. क्लासला सर म्हणले अ‍ॅड्रेनॅलिन पेशीच्या आत जातच नाही, बाहेरच्या रिसेप्टरला (पडद्यावरचं निरोप घेणारं प्रोटीन) चिकटतं आणि आत सायक्लिक एएमपी तयार होतं, तो सेकंड मेसेंजर, म्हणजे आतला निरोप्या. पाठ केलंय पण कळंना झालंय. तोच सायक्लिक एएमपी लिव्हरमध्ये साखर सोडायला लावतो आणि हृदयात ठोके वाढवतो, हे कसं काय? निरोप एक आणि कामं दोन? आणि थायरॉइडचं हार्मोन आत जातंय म्हणे, मग ह्याला काय झालं?

चाळीतला_पोरगा
आमचे आजोबा मिलमध्ये होते, सगळं भोंग्यावर चालायचं. आता समज बाहेरचा माणूस गेटवर आला, त्याला आत सोडत नाहीत, गेटवाला आत भोंगा वाजवतो. भोंगा एकच, पण साच्यावरचा कामगार साच्याकडं पळतो आणि कॅन्टीनवाला चहाचं आधण ठेवतो. कुणी काय करायचं हे भोंग्यात थोडंच लिहिलेलं असतंय. सायक्लिक एएमपी प्रोटीन कायनेज ए ला, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनना फॉस्फेट लावून चालू-बंद करणाऱ्या एन्झाइमला, जागं करतो, ते कशाकशाला फॉस्फेट लावणार ते त्या पेशीत काय हजर आहे त्यावर. लिव्हरमध्ये ग्लायकोजेन (साठवलेली साखर) फोडायची साखळी चालू होते, हृदयात कॅल्शियमचे चॅनेल जास्त उघडतात.
आत न जायचं कारण साधं आहे, अ‍ॅड्रेनॅलिन पाण्यात विरघळणारं आणि पेशीचा पडदा चरबीचा. स्टेरॉइड त्यातून निघून जातात. थायरॉइडच्या हार्मोनला आत न्यायला पडद्यात वेगळे ट्रान्सपोर्टर आहेत आणि त्याचा रिसेप्टर थेट केंद्रकात बसलेला.

लॅबवाली_ताई
भोंगा आवडला, फक्त गेटवाला स्वतः भोंगा वाजवत नाही रे. रिसेप्टर पडद्याच्या आतल्या बाजूच्या जी प्रोटीनला हलवतो, ते जाऊन अ‍ॅडेनिलिल सायक्लेज ह्या एन्झाइमला उठवतं आणि ते एटीपी ह्या पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूपासून सायक्लिक एएमपी बनवतं. प्रत्येक पायरीवर आकडा वाढत जातो म्हणून रक्तात हार्मोन चिमूटभर असलं तरी चालतं.
आणि हे सापडलं कसं ते वाच, मग पाठ करावंच लागणार नाही. अर्ल सदरलँड ह्या शास्त्रज्ञानी लिव्हरच्या पेशी फोडल्या आणि पडद्याचे तुकडे बाजूला काढले, तर उरलेल्या रसावर हार्मोनचा काही परिणामच होईना. मग नुसत्या तुकड्यांवर हार्मोन आणि एटीपी घातलं, त्यातनं जे निघालं ते रसात टाकलं आणि रस कामाला लागला! ते उकळलं तरी बिघडत नव्हतं, म्हणजे प्रोटीन नव्हे, काहीतरी छोटं. तोच सायक्लिक एएमपी. 1971 चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

बारावीवाला_सोलापूर
भारी. पण भोंगा बंद कोण करतं?

लॅबवाली_ताई
फॉस्फोडायएस्टरेज, ते सायक्लिक एएमपी तोडतं. आणि जी प्रोटीन ज्या चिकटलेल्या जीटीपी रेणूमुळं चालू असतं, तो स्वतःच तोडून गप्प बसतं. ते गप्प बसलं नाही तर काय होतं ते पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, दिसतं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं, वारीत पूर्वी पटकीची साथ यायची हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचार. पटकीचं विष आतड्याच्या पेशीतल्या जी प्रोटीनला असं अडकवतं की ते जीटीपी तोडूच शकत नाही, भोंगा वाजतच राहतो, क्लोराइड आतड्यात ओतलं जातं आणि त्यामागं पाणी. माणूस काही तासात कोरडा पडतो. हे विष असतं हे 1959 मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं, आपल्या पुस्तकात त्यांचं नाव का नाही काय की. ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारी वाट मात्र त्या विषानं बंद पडत नाही, म्हणून मीठ साखरेचं पाणी चालतं.

चाळीतला_पोरगा
ताई जेवणाच्या वेळी हे कशाला 😅

बारावीवाला_सोलापूर
शेवटचं. इन्सुलिन पण आत जात नाही, मग त्याचा पण भोंगा सायक्लिक एएमपीच ना?

लॅबवाली_ताई
नाही! एमसीक्यूत पोरं इथंच पडतात. इन्सुलिनचा रिसेप्टर स्वतःच एन्झाइम आहे, टायरोसिन कायनेज, म्हणजे प्रोटीनमधल्या टायरोसिनला फॉस्फेट लावणारा. तिथं गेटवालाच आत येऊन कामाला लागतो म्हण.