दोन गुरू दिसत असतील तर
जुन्या बाजारातल्या १०×५० (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगांच्या) दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतून गुरू ग्रह दोन दिसतात, म्हणून लगेच ती भंगारात काढू नका. बहुतेकदा दुर्बीण कधीतरी आपटलेली असते आणि आतला प्रिझम (प्रकाश वळवणारा काचेचा तुकडा) जरासा सरकलेला असतो. माझीही तशीच होती. बऱ्याच मॉडेलांत प्रिझमपाशी, रबरी आवरणाखाली, बारीक स्क्रू सापडतात. दुर्बीण ट्रायपॉडवर घट्ट बसवून ध्रुवतारा धरा. तो बिचारा जागचा फारसा हलत नाही. उजव्या डोळ्याचा फोकस मुद्दाम बिघडवा. एकीकडे ठिपका, दुसरीकडे फुगलेली चकती. ठिपका चकतीच्या मधोमध येईस्तोवर घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने ते बारीक स्क्रू केसभर केसभर फिरवा. मूळ जागा आधी पेन्सिलीने खुणावून ठेवा. मी ठेवली नव्हती, तीन रात्री गेल्या! अधूनमधून डोळे मिटा, नाहीतर ते दोन्ही प्रतिमा ओढूनताणून एक करतात आणि जमलं असं उगाच वाटतं.