मदत हवी आहे: धमनीच्या भिंतीची लांबीच्या दिशेची हालचाल मोजताना आलेख सरकत जातोय

नमस्कार मंडळी,

मानेतल्या कॅरोटिड धमनीची भिंत प्रत्येक ठोक्याला कशी हलते, ते मी अल्ट्रासाऊंडवर मोजतोय. धमनीचं फुगणं-आकसणं व्यवस्थित मिळतंय. साधारण 6 मिमीचा व्यास अर्ध्या मिमीच्या आसपास वाढतो आणि ठोका संपला की जागेवर येतो.

घोडं अडलंय दुसऱ्याच हालचालीपाशी. भिंतीचे आतले थर धमनीच्या लांबीच्या दिशेनेही पुढे-मागे सरकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ती क्लिप कितीतरी वेळ परत परत लावत बसलो होतो. खालच्या भिंतीवरचा एक चमकता ठिपका ठोक्याबरोबर झरकन बाजूला जायचा आणि सावकाश परत यायचा. डोळ्यांना स्पष्ट दिसतं, पण माझ्या आलेखात तो परत येतच नाही! दर ठोक्याला 0.1 मिमीच्या आसपास पुढेच राहतो. आठ ठोक्यांत पाऊण मिमी.

प्रत्येक फ्रेमची तुलना आधीच्या फ्रेमशी करून ठिपक्यांचा माग काढतो. श्वास रोखायला सांगितला होता. चूक हाताची, मानेची, की हिशोबाची? दोन आठवडे यातच गेलेत, कृपया सुचवा.

प्रतिसाद १

हिशोबाचा संशय जास्त. खोलीच्या दिशेने (त्वचेपासून आत) तुम्हाला लहरीची फेज मिळते, म्हणजे लहर तिच्या चढउतारात नेमकी कुठे आहे ते कळतं. 40 मेगाहर्ट्झने नमुने घेतले तर दोन नमुन्यांत जेमतेम 0.02 मिमी अंतर असतं. आडव्या दिशेला तसं काही नाही. 38 मिमीच्या प्रोबवर (मानेवर टेकवतो त्या भागावर) चित्राच्या 128 रेषा म्हणजे दोन रेषांमध्ये 0.3 मिमी. तुमची अख्खी हालचाल दोन-तीन रेषांत संपते, मधलं सगळं इंटरपोलेशनच्या (आजूबाजूच्या आकड्यांवरून मधला आकडा काढण्याच्या) भरवशावर. त्यात फ्रेमगणिक चूक साठत जाते.

दोन गोष्टी करा. धमनीबाहेरच्या स्नायूतला एक ठिपका असाच ट्रॅक करा. तोही तेवढाच सरकला तर प्रोब किंवा मान हललीय. आणि पहिली फ्रेम थेट आठव्या ठोक्यानंतरच्या त्याच क्षणाच्या फ्रेमशेजारी ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघा. ही दुसरी तपासणी लोक टाळतात, पण माझा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावर.

मूळ लेखक

मनापासून आभार! स्नायू जवळजवळ जागेवर आहे. दोन्ही फ्रेम शेजारी ठेवल्या तर ठिपकाही जवळपास तिथेच, ठिपक्याचा माग काढणारी माझी चौकट मात्र पाऊण मिमी पुढे गेलेली. म्हणजे चूक हिशोबातच.

आता दर ठोक्याला ईसीजीच्या आर शिखरापाशी (हृदयाच्या विद्युत आलेखातल्या, ठोका सुरू होतानाच्या उंच टोकापाशी) नव्याने सुरुवात करावी म्हणतो. पण मग भिंत खरोखरच थोडी पुढे राहत असेल, तर तेही पुसलं जाईल ना?

प्रतिसाद १

जाईल. म्हणून शून्यावर आणू नका. प्रत्येक ठोक्याची सुरुवातीची फ्रेम थेट पहिल्या ठोक्याच्या सुरुवातीशी जुळवा आणि जो फरक येईल तिथून पुढे मोजा. चूक साठणार नाही, खरं सरकणं असेल तर ते उरेल.